घोडनदीचा डोह आणि साहेबाची माशी

शिरूरला आमच्या भागातली जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. नदीवरून गावाला नाव पडलं. ही नदी आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्याला, आहुप्याच्या बाजूला उगवते. डिंभ्यावरून घोडेगावला येते, मीना आणि कुकडी पोटात घेते आणि पुढं भीमेला मिळते. आमची जमीन शिरूरच्या वरल्या अंगाला, नदीला लागून आहे. माझा जन्म तिथला, आणि पोहायला, गळ टाकायला मी त्याच पाण्यात शिकलो.

या नदीच्या माशाचं नाव लंडनमध्ये छापलेल्या एका लेखात आहे, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. पुण्याच्या एका कॉलेजातला पोरगा माशांचा अभ्यास करायला आमच्या बंधाऱ्यावर आला होता. त्याच्याकडं बरण्या, बारीक जाळं आणि वही. मी त्याला चहाला घरी आणला. तो म्हणाला, "काका, तुमच्या नदीचं नाव सगळ्या जगातल्या मासेवाल्यांना माहीत आहे." मला वाटलं थट्टा करतोय. पण त्यानं मोबाइलवर जुना कागद उघडून दाखवला आणि एकेक नाव वाचून त्याचा अर्थ सांगितला.

गोष्ट अशी. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनीच्या फौजेतला एक अधिकारी होता. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारनं १८२४ साली त्याला दख्खनची मोजदाद करायच्या कामावर नेमलं. गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, भाव काय, हे सगळं त्यानं लिहायचं होतं. ते करता करता तो पक्षी, जनावरं आणि मासेही गोळा करत राहिला. विलायतेला परत गेल्यावर दख्खनच्या माशांवर त्यानं मोठा लेख लिहिला. तो १८३९ साली छापून आला. आमच्या नदीचं नाव त्यानं 'गोरेह' असं लिहिलंय आणि गावाचं 'सीरूर'. या ठिकाणच्या एका मोठ्या माशाला त्यानं शास्त्रातलं नाव दिलं, 'मुसुल्लाह'. पुण्याच्या पूर्वेला मुळामुठेत मिळालेल्या माशाला नाव दिलं 'खुद्री'.

पोरगा नावं वाचत गेला आणि मी हसायला लागलो. सींगटी. मुल्या. कोलुस. ताकरी. अल्कूटी. कुर्पाह. मूरेह. ही काय लॅटिन नावं झाली? ही तर आमच्या भोयांच्या तोंडची. शिंगटी, मळ्या, कोळशी, ताकरी. साहेबानं मासे आमच्या माणसांकडून घेतले आणि नावंही त्यांच्याकडूनच घेतली. पुढं लॅटिनची शेपटी लावली, एवढंच. मासे दाखवणाऱ्या भोयाचं, कोळ्याचं नाव त्या लेखात नाही, पण त्यांची बोली दोनशे वर्षं तिथं टिकून राहिली. आमच्या आळीत आज ही नावं सांगू शकतील अशी तीन-चार म्हातारी माणसं उरलीत.

मला ही नावं शिकवली भोई आळीतल्या नानांनी. नाना पावसाळ्यात गुळाच्या काहिलीतून माणसं पल्याड पोचवायचे आणि बाकीचे दिवस मासे धरायचे. आम्ही कुणबी. आमच्या घरात मासे धरणं म्हणजे पोराचा नाद, आणि वडील त्यावरून रागवायचे. पण धाकटे चुलते तात्या स्वतःच नादिष्ट होते. सुट्टी लागली की ते मला सांजच्याला नदीवर न्यायचे.

गळाचा खरा हंगाम उन्हाळा सरताना. चैत्रात नदीची धार तुटायची. वैशाखात नुसते डोह उरायचे, आणि मैलभर पाण्यातला सगळा मासा त्या डोहात गोळा व्हायचा. आमच्या शिवेवर एक मोठा डोह होता. एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला उंबर, आणि उंबराच्या फांद्या पाण्यावर आलेल्या. वैशाखात उंबर पिकतं. पिकलेलं फळ टपकन पाण्यात पडलं की खालून एक सावली वर यायची आणि फळ गडप. ती खडशी. खवले रुपयाएवढाले, अंगावर जुन्या पितळेसारखा रंग. इंग्रजीत तिला महसीर म्हणतात, आणि साइक्सचा 'खुद्री' तो हाच मासा.

तात्यांची काठी कळकाची. दोरा आधी पिळाचा सुती होता, पुढं तंगूस आला. बोटभर भेंडाचा तुकडा ज्वारीच्या चिपाडातला. खालच्या माशाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची आणि शिशाचा तुकडा बांधून गळ तळाला सोडायचा. शिंगटी, वाम, मरळ अशानं मिळायची. खडशीला मात्र शिसं चालत नाही. पिकलेल्या उंबरात गळ लपवायचा, फांदीखाली सावलीत उभं राहायचं आणि फळ आपोआप पडल्यासारखं पाण्यावर सोडायचं. पाण्यावर आपली सावली पडली तर खेळ संपला. बोललं तर चालतं, पाय आपटला तर चालत नाही. तात्या मला चपला काढायला लावायचे.

दुसरा प्रकार वळवाच्या पावसाचा. वैशाखाच्या शेवटाला एखाद्या दुपारी ढग यायचे, वादळ व्हायचं, गारा पडायच्या आणि तासाभरात सगळं उघडायचं. त्या सांजंला वारुळांतून पंखाच्या मुंग्या निघतात. खरं तर ती वाळवी, पण आम्ही मुंग्याच म्हणतो. हजारोंनी उडायच्या आणि पाण्यावर पडायच्या. मग सगळा डोह उकळल्यासारखा दिसायचा. अळकुटीपासून खडशीपर्यंत जो तो वर तोंड काढून टिपत असायचा. त्या वेळी गांडूळ लावलं तर मासा ढुंकून बघत नाही. त्याला मुंगीच पाहिजे. दोन मुंग्या बारीक गळाला लावायच्या, शिसं नाही, भेंड नाही, आणि दोरा वाऱ्यावर सोडायचा. मासा खेचायचा तो डोळ्यांदेखत. अंधार पडला की खेळ बंद, कारण मुंग्यांचे पंख गळून गेलेले असायचे.

हे सगळं आम्हाला आमच्यापुरतं वाटायचं. पण त्या पोरानं सांगितलं की विलायतेत याच गोष्टीचं मोठं शास्त्र आहे. तिकडच्या थंड ओढ्यानद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. पाण्यातून पंख फुटून निघणाऱ्या माश्या तो वरच्यावर टिपतो. तिकडची माणसं कोंबड्याच्या मानेची पिसं, जनावराचे केस, मोराच्या पिसाची तूस असं काहीबाही रेशमाच्या धाग्यानं गळावर बांधतात आणि खोटी माशी करतात. आपल्या गळात वजन शिशाचं असतं. त्यांच्यात वजन दोऱ्यालाच असतं, माशी पिसासारखी हलकी. काठीनं दोरा मागं-पुढं झुलवायचा आणि माशी पाण्यावर अशी उतरवायची की खरीच पडली असं वाटावं. त्या दिवशी पाण्यावर जी माशी निघाली असेल तिच्यासारखी बांधलेली नसेल तर मासा फिरकत नाही. म्हणजे तात्यांची पंखाची मुंगी आणि साहेबाची पिसाची माशी यांचं तत्त्व एकच. माशाला आज काय पाहिजे ते बघायचं, आपल्या डब्यात काय आहे ते नाही.

साहेब हिंदुस्थानात आले तेव्हा हा नाद बरोबर घेऊन आले. मद्रासकडच्या मुलकी नोकरीतल्या हेन्री सलिव्हन थॉमस यानं १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर आख्खं पुस्तक काढलं. त्यात महसीरला मोठा मान आहे. पण सगळ्या साहेबांचं समाधान इथल्या माशांवर झालं नाही. त्यांना गावाकडचा ट्राउट पाहिजे होता. निलगिरीच्या थंड ओढ्यांत तो आणायचा पहिला प्रयत्न १८६० च्या दशकात झाला, तो फसला. काश्मीरसाठी विलायतेहून अंडी निघाली, पहिली खेप वाटेत मेली. दुसरी खेप १९०० साली जिवंत पोचली. तिथल्या थंड, खळाळत्या पाण्यात ट्राउट रुजला तो आजपर्यंत. निलगिरीतही पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो टिकला. शेतकऱ्याला ही गोष्ट लगेच कळते. बी कुठूनही आणा, पण रान त्याच्या जोगतं पाहिजे. ट्राउट काश्मीरला रुजला कारण रान तसं होतं. आमच्या घोडीत टाकला असता तर वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात उताणा झाला असता.

खडशीचं रान म्हणजे काय, ते नाना सांगायचे. तिला तीन गोष्टी लागतात. उन्हाळ्याला डोह, अंडी घालायला गोट्यांचं आणि खड्यांचं स्वच्छ तळ, आणि पुराच्या पाण्यात वर चढायला मोकळी वाट. मिरगानंतर पहिले लोंढे आले की मासा पाण्याच्या उलटा वर चढतो. वरच्या अंगाला, जिथं पाणी थंड आणि खडकाळ, तिथं अंडी घालतो. पावसाळा ओसरला की पिल्लं खाली येतात आणि पुढच्या उन्हाळ्याला डोहात थांबतात. यातली एक गोष्ट काढली तरी साखळी तुटली.

म्हणून डोहाला नियम होता. महाशिवरात्र झाली की पहिला पूर येईपर्यंत त्या डोहात जाळं पडायचं नाही. गळ टाकायला मनाई नव्हती. गळानं माणूस एकेक धरतो, जाळ्यानं घर पुसतो, असं नाना म्हणायचे. हा नियम कागदावर कुठंच नव्हता. डोहाच्या काठी एक शेंदूर लावलेला दगड होता, तेवढीच त्याची नोंद. असे डोह सगळीकडं होते. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला देवीचे मासे आजही कुणी धरत नाही. तिथं खडशीच्या जातीचे मोठाले मासे माणसाच्या हातचं खायला येतात.

बहात्तरच्या दुष्काळात या नियमाची परीक्षा झाली. बहात्तरला पाऊस गेला आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा सगळ्यात कठीण आला. मी तेव्हा तेरा वर्षांचा. आई आणि थोरली बहीण खडी फोडायच्या कामावर जायच्या. घरात मिलोची लाल भाकरी आणि वाटपातली सुकडी. नदीत पाणी फक्त त्या डोहात उरलं होतं, तेही छातीएवढं. मासा वरून दिसत होता. एका रात्री चावडीवर बोलणं निघालं की जाळं टाकून सगळा मासा गावाला वाटून घ्यावा. पोरंबाळं उपाशी आहेत, देव काही रागवणार नाही. नाना उठून म्हणाले, "वाटा की. आठ दिस खाल. मंग पुढल्या साली काय खाशीला? डोहात हाये तवर नदीत हाये." ज्याचं पोट माशावर होतं तोच नको म्हणत होता, त्यामुळं दुसऱ्यांना बोलता येईना. शेवटी ठरलं की गळानं ज्याला मिळेल त्यानं न्यावं, जाळं नाही. मी त्या उन्हाळ्यात रोज गेलो. मोठी खडशी एकदाच लागली, तात्यांच्या काठीला. आईनं तिचं कालवण पातळ करून तीन घरांना दिलं. पुढच्या पावसात नदी वाहिली आणि मासा पुन्हा झाला.

दुष्काळानं जे केलं नाही ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत झालं. त्र्याहत्तरनंतर गावोगाव विहिरी खोदायची लाट आली. विहिरीला सुरुंग आले, जिलेटिनच्या कांड्या आल्या, आणि उरलेल्या कांड्या कुणाच्या तरी घरात राहिल्या. एका वैशाखात भर दुपारी डोहात धडाका झाला. आम्ही पळत गेलो तर पाणी पांढरं झालेलं. मोठे मासे टोपलीत भरून माणसं निघून गेली होती, आणि बोटाएवढी पिल्लं पाण्यावर उताणी तरंगत होती. नाना काठावर बसून होते. त्यातला एकही मासा त्यांनी घरी नेला नाही. गंमत म्हणजे याला बंदी इंग्रजाच्या वेळची आहे. १८९७ च्या मासेमारी कायद्यानं सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरवलं. कायदा इतका जुना, पण डोहाकाठी तो कधी आलेला मी पाहिला नाही. शेंदराच्या दगडाचा धाक जास्त होता, तोही गेला.

मग बाकीचं आलं. खाली चिंचणीला घोड धरण साठच्या दशकात झालंच होतं. वर डिंभ्याला दुसरं धरण उभं राहिलं. मध्ये जागोजाग बंधारे, त्यांना पावसाळा सरला की ढापे. मी या धरणांना शिव्या देणार नाही. माझा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे आणि माझ्या पोरींची शिक्षणं त्या उसावर झाली. आमच्या आधीच्या पिढीनं जे उन्हाळे काढले ते पुन्हा नकोत. पण जे झालं ते नीट सांगितलं पाहिजे. माशाची वर चढायची वाट बंद झाली. त्यानंतर वाळूउपसा आला. रात्री जेसीबी आणि ट्रक. दहा वर्षांत नदीचं तळ खरवडून निघालं, गोटे गेले, खाली गाळ आणि चिखल राहिला. गोट्यांना चिकटून राहणारा मळ्या आणि वाळूत लपणारी मुरी आधी दिसेनाशी झाली. मग उन्हाळ्यात कधी कधी वरून काळं, मळीचा वास येणारं पाणी यायला लागलं आणि राहिलेलं मरायला लागलं. डोह आजही आहे. बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली तो बुडालाय. उंबर वठून गेला.

आणि याच काळात आमच्या खडशीची दुसरी कथा लोणावळ्याला चालली होती. टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर सत्तरच्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली खडशीची अंडी काढून पिल्लं वाढवायचं काम सुरू झालं. ते काम फार मोलाचं होतं. जात नाहीशी होईल अशी भीती असताना त्यांनी लाखांनी पिल्लं केली. अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानानं लांब पाठवता येतात, हेही त्यांनी करून दाखवलं. विलायतेहून ट्राउटची अंडी आली, तशी आमच्या खडशीची अंडी कापसात बसून परमुलखात निघाली.

त्यातली पिल्लं कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीला पोक असलेला, जगातला सगळ्यात मोठा महसीर. त्याला बरीच वर्षं 'मुसुल्लाह' म्हणत, म्हणजे आमच्या घोडनदीच्या माशाचं नाव चुकून त्याला चिकटलं होतं. पुढं अभ्यासकांनी निवाडा केला की साइक्सचा मुसुल्लाह हा महसीर नव्हेच, तो वेगळा मासा. कावेरीच्या पोकवाल्याला त्याचं खरं शास्त्रीय नाव मिळालं २०१८ साली. तोवर त्याची संख्या इतकी घटली होती की त्याच वर्षी तो नष्ट व्हायच्या काठावरच्या जातींच्या यादीत गेला. त्याची जागा बऱ्याच अंशी लोणावळ्याहून आलेल्या खडशीनं घेतली होती. सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. नदीत मासा कमी झाला, चला मासा सोडू, एवढाच सरळ विचार. पण आमची खडशी इथं घरची, तिथं घुसखोर. आणि ज्या घोडीत ती घरची होती, तिथल्या आमच्या पोरांनी ती कधी पाहिली नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आहे. आमच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात मासेमारीचा ठेका द्यायचा विषय गावात निघालाय. ठेकेदार कटला, रोहू सोडेल, गावाला पैसा मिळेल. चिलापी तर कुणी न सोडता आलीच आहे. ती घाण पाण्यातही वाढते, कशावरही जगते, आणि जाळ्यात निम्म्याच्या वर तीच येते. आजची पोरं मासा म्हणजे चिलापी समजतात. ठेक्याला माझा विरोध नाही. भोई आळीतल्या पोरांना आधी विचारावं, एवढं माझं म्हणणं. पण काही मंडळी म्हणतात, "लोणावळ्याची खडशी आणून सोडू, म्हणजे जुनं वैभव परत येईल." त्यावर मला बोलायचंय.

खडशी आणणं सोपं आहे. अंडी कापसात येतात. डोह कापसात येत नाही. तळाला गोटे नसतील, वर चढायला वाट नसेल, वैशाखात काळं पाणी येत असेल, तर आणलेलं पिल्लू पहिला उन्हाळा काढणार नाही. म्हणून ग्रामसभेत मी तीनच गोष्टी मागणार आहे. जुन्या डोहाच्या जागी वर-खाली मिळून चारशे-पाचशे पावलांची हद्द ठेवावी, तिथं वाळूला हात लावायचा नाही. महाशिवरात्र ते पहिला पूर तिथं जाळं नाही, गळ चालेल. आणि बंधाऱ्याचे ढापे पाऊस लागायच्या आधी वेळेवर काढावेत, म्हणजे पहिल्या लोंढ्याला माशाला निदान आमच्या शिवेपुरती वाट मिळेल. यातली एकही मागणी नवीन नाही. पहिल्या दोन नानांच्या वेळच्या आहेत, आणि तिसरीची तेव्हा गरज नव्हती.

कॉलेजातल्या त्या पोराला दोन दिवसांत सोळा जाती मिळाल्या. खडशी नव्हती, मुसुल्लाह नव्हता. पण जायच्या दिवशी बंधाऱ्याच्या खालच्या धारेत, जिथं थोडे गोटे उरलेत, तिथं त्याच्या जाळ्यात एक बोटाएवढा मळ्या आला. तो मी हातात घेतला. ओठानं तळहाताला चिकटून बसला, लहानपणी बसायचा तसाच. पोरानं त्याचं लॅटिन नाव वहीत लिहिलं, मी त्याला आमचं नाव सांगितलं, आणि मासा परत पाण्यात सोडला.